गोळी चहाबरोबर घेऊ नकोस

अंबाजोगाई, रविवार

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन ठेवलास, ते बरंच केलंस. "पाळीत सगळ्यांनाच दुखतं, आम्ही नाही का काढलं?" असं कुणी मला म्हटलं असतं तर मीही ठेवला असता. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच तोंडातून जाईल, म्हणून वहीची पानं फाडून बसलेय.

आधी हे सांग, लोहाची गोळी घेतेस ना? चहाबरोबर नाही ना? चहाने ती अंगी लागत नाही. मध्ये तासभर जाऊ दे आणि लिंबूपाण्याबरोबर घे. बाईला हिमोग्लोबिन 12 तरी लागतं आणि तुझं 7.4. स्टेशनच्या जिन्यात तू मटकन बसलीस, दोन अनोळखी बायकांनी पाणी पाजलं, हे मला संदीपरावांकडून कळावं? असो. यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

तुझ्या सोनोग्राफीतला शब्द मी कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतला, अ‍ॅडेनोमायोसिस, आणि गुरुवारी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, गर्भपिशवीचं आतलं अस्तर दर पाळीला सुटून बाहेर पडतं. तुझ्यासारखीच्या पिशवीत ते स्नायूच्या भिंतीतही शिरलेलं असतं. महिन्याच्या महिन्याला तिथेही सूज येते, रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. भिंत जाड होते, पिशवी फुगते, कळा येतात, अंगावरून बदाबदा जातं. मला आपल्या जुन्या घरातली न्हाणीजवळची भिंत आठवली. अण्णा दर दिवाळीला चुना मारायचे आणि संक्रांतीपर्यंत ओल पुन्हा वर. पिशवी आतून खरवडूनही हे जात नाही, ते त्याचमुळे. कॅन्सर नाही ना, हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा बाई हसल्या.

घरी येऊन ट्रंक उघडली. 2005 ची माझी फाइल मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली होती. पिशवी काढल्यावर तपासायला पाठवली होती, त्याचा कागद. वैशू, त्यावर तोच शब्द आहे. तेव्हा बहुतेकींना हे असंच कळायचं, पिशवी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर. मला तर तेव्हाही कळलं नाही. कुणी वाचून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. तू अकरावीला लातूरला होतीस, तुला "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलं. सही अण्णांनी केली.

"काढूनच टाकते एकदाची" म्हणालीस. काढ म्हणत नाही, नको काढू असंही म्हणत नाही. हा आजार पुरता जातो तो पिशवी काढल्यावरच, हे खरं. मला पाळीच्या त्रासातून सुटका मिळाली, हेही खरं. पण माझी दोन्ही अंडाशयंही काढली, चांगली होती की वाईट हे आजही मला ठाऊक नाही. 41 व्या वर्षी अंगातून वाफा निघायला लागल्या. चौथीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून पदराने घाम पुसायचे. पुढे अंगणात नुसती घसरले तर मनगट मोडलं. हाडं एवढी लवकर ठिसूळ व्हायला अंडाशयं गेल्याचं कारण असतं, हे परवा बाईंनी सांगितलं. म्हणून आधी विचार: अंडाशयं ठेवणार का? काय काय काढणार ते लिहून घे आणि सही तू कर.

2019 ला आपल्या बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या बघ. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, मग पाळीच नको म्हणून विशी-तिशीत पिशव्या काढलेल्या. माझ्या वर्गातल्या पोरींच्या आया त्या. आपण शिकलेल्या, आपल्यामागे मुकादम नाही. मग घाई कसली? (हे भाषण झालं. मास्तरीण कुठली. माफ कर.)

आणि त्या तांबीचं. "तांबी बसवून रक्त वाढतं" म्हणून मी तुझ्यावर ओरडले होते. ते साध्या तांबीचं खरं आहे. तुला सांगितलीय ती संप्रेरकाची, त्याने रक्तस्राव उलट कमी होतो आणि ती काही वर्षं पुरते. मी चुकले. गोळ्यांचाही उपाय आहे म्हणतात. पाळी कायमची गेली की बहुतेकींचं हे आपोआप शमतं, पण तुला 36 व्या वर्षी "अजून पंधरा वर्षं थांब" कुठल्या तोंडाने सांगू?

एकदा सांगितलंच होतं ना. दहावीचा बीजगणिताचा पेपर. तू न्हाणीत उलट्या करत होतीस, मी ओव्याचं पाणी दिलं, फ्रॉकवर डाग दिसू नये म्हणून माझा काळा स्वेटर कमरेला बांधला आणि म्हटलं, सहन कर. मार्चच्या उन्हात स्वेटर. तू गेलीस आणि गणितात शाळेत पहिली आलीस. ते मी अजून लोकांना सांगते. स्वेटरचं कधी सांगितलं नाही.

मनू नववीत गेली ना? तिचं दुखलं तर तिला ओवा देत बसू नकोस.

सोमवारच्या गाडीने अळिवाचे लाडू पाठवतेय. लाडू खाल्ले म्हणून गोळी चुकवायची नाही, बाईंनी बजावलंय. डब्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ती फाइल आहे, तुझ्या डॉक्टरांना दाखव. संदीपरावांना सांग, जिन्यावरून तुझी बॅग त्यांनी घ्यावी. रागावू नकोस, लिहून गेले.

डबा निळ्या झाकणाचा आहे, परत पाठव. मागचाही तुझ्याकडेच आहे.

तुझी,
आई