मयूला कॉम्प्युटरला घालायचं म्हणजे

ऐरोली, नवी मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनला रेंज टिकत नव्हती, आणि बाबा, तुमचे प्रश्न पाच मिनिटांत उरकण्यासारखेही नव्हते, म्हणून सवडीने लिहितो. दादाची मयू आता नववीत. "तिला कॉम्प्युटरला घालायची" असं तुम्ही म्हणालात.

कॉम्प्युटर ही एक नोकरी नव्हे. आमच्या इथे ऐरोलीपासून महापेपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलं, तर एका इमारतीत प्रोग्राम लिहिणारे बसतात, दुसरीत तो प्रोग्राम कुठे मोडतो ते शोधणारे टेस्टर आणि तिसरीत गिऱ्हाइकांच्या अडचणी सोडवणारे सपोर्टवाले. मधूनमधून जवळजवळ बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती लागतात, ती डेटा सेंटरं. तिथे माणसं मोजकी. बाकी सगळं सर्व्हर, केबली, गार हवेची यंत्रं आणि वीज गेली की सुरू होणारे जनरेटर. काम तीन पाळ्यांत चालतं, कारण सर्व्हर रात्री झोपत नाहीत. चांगला डिप्लोमा झालेल्या मुलांना अशा ठिकाणी वाव असतो. मयूला यातलं काय आवडेल ते आज तिलाही सांगता येणार नाही, म्हणून आत्ताच एखादा महागडा कोर्स लावू नका. एमएस-सीआयटी सुट्टीत करू दे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते मागतात. पण त्यात मशीन वापरायला शिकवतात, प्रोग्राम लिहायला नाही.

आधी मशीन हवं. मोबाईलवर हे शिकणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. नवा लॅपटॉप नको, ऑफिसातून निघालेला वापरलेला चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते मिळतात, मी जाऊन बघतो. दादाला तिकडेच कुणी देत असेल तर एवढं तपासायला सांगा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, म्हणजे आय-५ च्या पुढचा आकडा ८२५० असा काहीतरी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ आठव्याच्या आधीच्या पिढीवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून जुनी मशीनं सध्या स्वस्तात दिसतात. रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. चालू करतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन पाहायचं. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन घ्यायचं नाही, कारण जुन्या कंपनीचं कुलूप त्यावर तसंच असतं आणि विकणारा पुढे हात वर करतो. बिजागऱ्या दोनदा उघडून मिटून बघायच्या, सगळी बटणं दाबून बघायची.

आई, हे तुझ्यासाठी. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात कपड्यांखाली ठेवू नकोस. दमट हवेने आतल्या जोडांवर गंज धरतो आणि बंद पडून राहिलेलं मशीन लवकर बिघडतं. रोज अर्धा तास चालू राहिला तरी त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आत कोरडं राहतं. चार्जरला तीन पिनांचंच सॉकेट हवं, आणि त्यात अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. नसेल तर धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात.

आता शिकायचं काय. पहिले दोन महिने रोज वीस मिनिटं टायपिंग, बटणांकडे न बघता. मग पायथन. ती प्रोग्राम लिहायची भाषा फुकट मिळते आणि गुण मिळवण्यासाठी नव्हे, काम करण्यासाठी शिकता येते. काम घरातच आहे: बाबांच्या आंब्याच्या पट्ट्या, म्हणजे दलालाकडून येणारे विक्रीच्या हिशेबाचे कागद. वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्टीवर पेट्या, पेटीतले डझन, दर आणि त्यातून वजा झालेलं भाडं, हमाली, तोलाई असतं. मयूने एका मोसमातल्या सगळ्या पट्ट्या आधी एक्सेलमध्ये भराव्यात, मग तोच हिशेब पायथनमध्ये करावा. कुठल्या दलालाकडे पेटीमागे हातात किती पडले, एवढं उत्तर निघालं की झालं.

ती अडखळेल, आणि कुठे तेही सांगून ठेवतो. एका ओळीत दलालाचं नाव साधं लिहिलं आणि दुसरीत नावापुढे एक रिकामी जागा सुटली, तर कॉम्प्युटर ते दोन दलाल धरतो. बेरीज चुकते आणि नुसत्या डोळ्यांना चूक दिसत नाही. दुसरी अडचण पैशांची. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर तो ०.३ सांगत नाही, ०.३ नंतर पंधरा शून्यं आणि मग ४ सांगतो. आपल्या पद्धतीत एक तृतीयांश ०.३३३ असं न संपणारं होतं, तसं दोनांत मोजणाऱ्या यंत्रात एक दशांश संपत नाही. म्हणून हिशेब रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवायचा आणि छापताना शंभराने भागायचं. हे तिला आधी सांगू नका. बेरीज पट्टीशी जुळत नाही म्हणून ती चिडेल, शोधेल, तेव्हाच ते कायमचं कळेल. कोर्सवाले नेमका हाच भाग वगळतात.

दहावीनंतर दोन वाटा. बारावी सायन्स करून एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यायची, मग चार वर्षांचं इंजिनिअरिंग. सीईटीत १५० प्रश्नांना २०० गुण असतात, कारण गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दुसरी वाट तीन वर्षांचा डिप्लोमा, तोही दहावीच्या गुणांवर, आणि नंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन्हीकडे बेरीज सहाच वर्षं. माझं मत डिप्लोमाकडे झुकतं. एक तर हाताला काम लवकर लागतं. शिवाय मधेच अडचण आली तर नुसत्या बारावीपेक्षा डिप्लोमाला किंमत आहे. उणीव गणिताची. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित डिप्लोमाच्या मुलांना जड जातं, कित्येक तिथेच अडकतात. मयूचं गणित बरं आहे, पण आत्तापासून ढिलं सोडू नका.

रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात हवी ती शाखा मिळाली तर उत्तम. नाही तर ठाण्याला खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाचं पॉलिटेक्निक आहे. ऐरोलीहून गाडीत बसलं की दिघा गाव आणि पुढचं ठाणे, म्हणजे ती आमच्याकडे राहू शकते. ऑनलाइन फॉर्म भरताना पसंतीक्रम विचार करून लिहायचा. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते, नंतर मन बदलून चालत नाही. आणि सीट हमखास देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर दादाला सरळ उठून यायला सांगा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला सरकारी फीमाफी लागू होत नाही. २०२४-२५ पासून ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवण्याची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन प्रवेशातून, झालेला हवा. मूळ मार्कशीटही कुठल्या क्लासकडे किंवा कंपनीकडे ठेवायला द्यायची नाही.

आता कागद. मुलं अभ्यासात कमी आणि इथे जास्त अडतात. शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचं खातं, तिन्हीकडे मयूचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे, पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. तिचं आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि आपण कॉलेजात भांडत बसतो. जातीचा दाखला आत्ताच काढा. नॉन क्रिमी लेयरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून त्यावरची तारीख बघून वेळेत नवा काढायचा. जात पडताळणी डिग्रीच्या वेळी लागते आणि तिला महिनेच्या महिने जातात.

बाबा, हे काम तुमचं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तुम्ही १९५९ साली पहिलीत गेलात, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तुमची नोंद त्यासाठी चालेल. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा उतारा मागा, आणि त्यावर जात नीट वाचता येते का ते तिथेच बघून घ्या. रजिस्टरचं पान फाटलेलं असेल तर आजोबांचा शाळेचा दाखला ट्रंकेत, पट्ट्यांच्या खालच्या पिशवीत असेल. पट्ट्या काढायच्याच आहेत, तेव्हा तोही काढा. त्याचा फोटो नको, कागदच दादाबरोबर पाठवा. फोटोत शिक्का उमटत नाही.

आईला गुडघ्याचं तेल या पार्सलात ठेवलं आहे.

तुमचा,
संजू