विमान उतरले, कागदावर काय उतरले?

संपादक महोदय,

विमानाच्या कंट्रोलमध्ये बिघाड झाला आणि ते सुखरूप उतरले, की बातमीचा साचा ठरलेला असतो. 'वैमानिकाच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला', 'प्रवाशांचा जीव भांड्यात'. वैमानिकाचे कौतुक व्हायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझी उभी हयात विमानांच्या देखभालीत गेली. चाके जमिनीला टेकली की तुमची बातमी संपते, आमची तेव्हा सुरू होते. बिघाड आमच्या हाती कोणत्या अवस्थेत येतो, हे वैमानिक टेक लॉगच्या, म्हणजे विमानातल्या बिघाडांच्या नोंदवहीच्या, पानावर काय लिहून जातो यावर ठरते.

एक रात्र आठवते. पानावर दोनच शब्द होते: 'कंट्रोल जड'. कोणता कंट्रोल? डावीकडे वळवताना की नाक उचलताना? किती उंचीवर? ऑटोपायलट चालू होता की काढलेला? विचारणार कोणाला, वैमानिक हॉटेलच्या गाडीत बसून निघून गेलेले. आम्ही एकाला कॉकपिटमध्ये बसवले, दुसरा टॉर्च घेऊन पंखाखाली. सगळे लोण्यासारखे मऊ. पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास तापमान असते. कुठे तरी साचलेले पाणी तिथे गोठते, केबलची पुली धरून ठेवते आणि खाली येईपर्यंत वितळूनही जाते. पुरावाच गळून गेलेला. 'जमिनीवर तपासणी केली, ठीक' असे लिहून सही ठोकण्यापलीकडे काही उरले नाही. तोच स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, पुढे आणखी दोनदा आला. तिसऱ्या वेळच्या वैमानिकाने मात्र लिहिले: फक्त आडव्या वळणात जड, बराच वेळ उंचावर राहिल्यानंतर, बारा हजार फुटांखाली आपोआप मोकळे. त्या एका ओळीवरून आम्ही तासाभरात बुजलेल्या निचऱ्याच्या भोकापाशी पोहोचलो.

आमचे पाण्याचे प्रकरण तसे किरकोळ. इंडोनेशियातले नाही. 28 ऑक्टोबर 2018 च्या रात्री लायन एअरचे बोइंग 737 मॅक्स विमान देनपसारहून जकार्ताला निघाले. पंखाचा हवेशी होणारा कोन मोजणारा सेन्सर त्याच दिवशी बदलला होता आणि तो सुमारे 21 अंश चुकीचे सांगत होता. एमकॅस ही यंत्रणा त्यावर विश्वास ठेवून नाक पुन्हापुन्हा खाली दाबत होती. कॉकपिटमध्ये योगायोगाने तिसरा वैमानिक बसलेला होता. अखेर शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन (ट्रिम) बदलणाऱ्या मोटरची वीज कटआउट स्विचने तोडून, ट्रिमचे चाक हाताने फिरवत त्यांनी विमान जकार्ताला नेले. तुमच्या मथळ्यात शोभावे असे प्रसंगावधान! पण लॉगमध्ये उतरले काय? वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, एक इशारा दिवा लागला. सारा वेळ थरथरणारा कंट्रोल कॉलम (वैमानिकासमोरचा दांडा) नाही, कटआउट स्विचचा उल्लेख नाही. अभियंत्यांनी लिहिले होते त्यावर इलाज केला: हवेच्या दाबाचे मॉड्यूल फ्लश केले, एक कनेक्टर साफ केला, चाचणी घेतली, ठीक आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानातले 189 जण उड्डाणानंतर तेरा मिनिटांच्या आत जावा समुद्रात गेले. मूळ दोष यंत्रणेच्या रचनेचा, आणि एमकॅसबद्दल वैमानिकांना सांगितलेच नव्हते, हे खरेच. तरीही त्या रात्रीचे पान पुरते भरले असते, तर ते विमान सकाळी सोडताना कोणाचा तरी हात थबकला असता, असे मला आजही वाटते.

आता आमच्या जमातीचेही सांगतो, नाही तर एकतर्फी होईल. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला कझाकस्तानच्या एअर अस्तानाचे एम्ब्राएर 190 विमान पोर्तुगालमध्ये मोठी देखभाल उरकून निघाले. आत सहा जण. एलेरॉनच्या, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपांच्या, केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या: डावीकडे वळवावे तर एलेरॉन उजवीकडे ओढणार. ढगांत ते विमान कसे लोळले असेल, कल्पनाच करवत नाही. कंट्रोल डायरेक्ट मोडमध्ये, म्हणजे संगणकाची मध्यस्थी काढून, नेल्यावर ते थोडे ताब्यात आले आणि बेजाच्या धावपट्टीवर तिसऱ्या प्रयत्नात उतरले. उड्डाणापूर्वी कंट्रोल 'मोकळा आहे का' हे सगळेच बघतात. तो योग्य दिशेला हलतो का, हे बघायला पंखाकडे डोळे लावून बसणारा माणूस लागतो. तिथे घाई आमच्या लोकांनी केली.

याउलट 1977 चे अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सचे ट्रायस्टार, तीन इंजिनांचे विमान. सॅन डिएगोहून उडताच डावा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) पूर्ण वर अडकलेला, नाक चढत चाललेले, वेग घटतोय. कॅप्टनने पंखांखालच्या इंजिनांची ताकद कमी केली आणि शेपटीवरच्या इंजिनाचा जोर ठेवला. ते इंजिन उंचावर असल्याने नाक खाली रेटते. असे सावरत त्याने 52 जणांना लॉस एंजेलिसला उतरवले. पण मला त्या उड्डाणापेक्षा नंतरची उकल मोलाची वाटते: पाणी शिरून गंजलेले एक बेअरिंग.

म्हणून विनंती एवढीच. यापुढे अशी बातमी करताना प्रवाशांची थरारक वर्णने घेऊन झाली, की वार्ताहराने आणखी दोन प्रश्न विचारावेत: ते विमान पुन्हा केव्हा उडाले? आणि त्याआधी त्यात नेमके काय सापडले? 'तपासणीत दोष आढळला नाही' असे उत्तर मिळाले, तर ते कृपया आतल्या पानावर टाकू नये.

— एक निवृत्त विमान देखभाल अभियंता