जीआर नेटवर आहे, काढून आणा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात मावशीच्या फॅमिली पेन्शनच्या कामासाठी एका ऑफिसात चकरा मारून राहिलो होतो, चौथ्या चकरेला टेबलावरचा बाबू म्हणे जीआर नेटवर आहे, काढून आणा. बरं म्हटलं. तिथंच बाकड्यावर बसलो न मोबाइलवर टाकलं 'फॅमिली पेन्शन जीआर'. आलं काय, तर केंद्र सरकारचं, रेल्वेचं, आणि दोन-तीन यूट्यूबवाले भाऊ जे दहा मिनिटं बोलतात न शेवटी चॅनल सबस्क्राइब करा म्हणतात. मावशी बाजूला बसून दर दोन मिनिटांनी विचारे, सापडलं का रे.

घरी येऊन जेवताना डोक्यात आलं, मंत्रालयात बसून जो हा कागद टाइप करतो तो फॅमिली पेन्शन असं लिहीतच नसणार, तो लिहिणार 'कुटुंब निवृत्तिवेतन'. जीआरलाही तो जीआर म्हणत नाही, 'शासन निर्णय' म्हणतो. त्यातही निवृत्तिवेतनातला 'ति' कोणी ऱ्हस्व काढतं कोणी दीर्घ, आपल्याला तो एकच शब्द पण कॉम्प्युटरला दोन वाटू शकतात. मग मी 'कुटुंब निवृत्तिवेतन' आणि 'कुटुंब निवृत्तीवेतन' हे दोन्ही वेगवेगळ्या डबल अवतरणचिन्हांत टाकले, मधात इंग्रजी 'ऑर' कॅपिटल अक्षरांत (स्मॉलमध्ये टाकला तर गूगल त्याला साधा शब्द समजतं), पुढं 'शासन निर्णय', आणि शेवटी इंग्रजीत साइट, कोलन, आणि स्पेस न सोडता महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. यूट्यूबवाले भाऊ गायब! दुसऱ्या पानावर गेलोच नाही, कागद मिळाला.

हे पत्र लिहायचं कारण असं की 'नेटवर मराठीत काहीच सापडत नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो, घरी, टपरीवर, सगळीकडं. सापडते हो. आपण आपल्या तोंडातला शब्द टाकतो, आणि लिहिणाऱ्यानं कोणता वापरला असेल हा विचारच करत नाही.

माझा साळा काटोलचा, संत्र्याची बाग आहे. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळून राहिला होता म्हणून त्यानं 'संत्रा झाड डिंक' टाकलं तर खायचा डिंक आणि डिंकाचे लाडू आले. गावात या रोगाला डिंक्या म्हणतात, तो शब्द टाकल्यावर मराठीतलं बरंच मिळालं. पण शास्त्रज्ञांचे इंग्रजी पेपर पाहायचे तर तिथं 'गमोसिस' (याच रोगाचं इंग्रजी नाव) किंवा 'फायटोफ्थोरा' (तो रोग आणणारा बुरशीसारखा जंतू) लागतं, आणि गंमत म्हणजे आपल्या संत्र्याला ते लोक बहुतेक करून ऑरेंज म्हणतच नाहीत, 'नागपूर मँडरिन' म्हणतात. इथं नागपुरात अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची अख्खी संशोधन संस्था आहे आणि आपण बसतो ऑरेंज ऑरेंज करत. लाडू घालवायचे तर लाडू शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह, चिकटून. 'बहार', म्हणजे झाडाला फुलं धरायचा हंगाम, शोधताना गाणी येतात, तिथंही हेच.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. बोलताना आपण 'संत्रा आणि मोसंबी आणा' म्हटलं की पिशवी जड होते, कॉम्प्युटरवर 'आणि' लावला की उलट यादी कमी होते, कारण त्याला दोन्ही शब्द असलेलंच पान पाहिजे असतं. 'किंवा' लावला की वाढते. हे गणित जॉर्ज बूल नावाच्या इंग्रजानं १८५४ साली मांडलं, तेव्हा कॉम्प्युटरचा पत्ता नव्हता. म्हणून एकाच अर्थाचे शब्द 'किंवा'नं, म्हणजे त्याच कॅपिटल 'ऑर'नं, जोडायचे आणि वेगळ्या गोष्टी नुसत्या बाजूबाजूला ठेवायच्या, गूगल तिथं 'आणि' धरूनच चालतं. कधी कधी ते मधला एखादा शब्द परस्पर सोडूनही देतं, मग त्या एकट्या शब्दाला अवतरणचिन्ह लावावं लागतं.

नागपूरच्या माणसाला तर ही सवय जास्तच पाहिजे. आमचे आजोबा १९५२ मध्ये इथल्याच सेक्रेटरिएटमध्ये कारकून होते, त्यांच्या काळाचं काही शोधायचं तर 'महाराष्ट्र' टाकून घंटा मिळत नाही, कारण तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. १९५० च्या आधीचं पाहिजे तर 'सी. पी. अँड बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. १९५६ नंतर मुंबई राज्य, आणि महाराष्ट्र १९६० पासून. स्पेलिंगची तर वेगळीच कथा, इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत कामठी 'कॅम्प्टी' होऊन बसली आहे, पी टी डबल ई, आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईसाठी सीताबर्डीची निदान तीन स्पेलिंगं मला भेटली. तिन्ही 'ऑर' लावून टाकली तेव्हा कुठं काही वाचायला मिळालं.

आणि तरी नाही सापडलं तर? तर बऱ्याचदा कागद नुसता फोटोसारखा स्कॅन केलेला असतो, नाहीतर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला असतो, दिसते मराठी पण आत भलतीच अक्षरं. तिथं आपली हुशारी चालत नाही. 'वऱ्हाड' मधला तो ऱ्ह सुद्धा दोन तऱ्हेनं टाइप होतो, डोळ्याला सारखा दिसतो, पण पानावरच्या फाइंडमध्ये एक टाकला तर दुसरा सापडेलच असं नाही, मी यात एक अख्खा रविवार घालवला आहे.

आता तुम्हाला विनंती. तुमच्याच पेपरात सीताबर्डी कधी 'सीताबर्डी' असते, कधी 'सिताबर्डी', कधी नुसती 'बर्डी', आणि तीन वर्षांपूर्वीची बातमी शोधताना तीनदा टाकावं लागतं. एक काहीतरी ठरवा. आणि सरकारी निर्णयाची बातमी छापता तेव्हा खाली त्या शासन निर्णयाची तारीख, विभाग आणि कागदावर आहे तसंच नाव एका ओळीत द्या, म्हणजे बाबू 'काढून आणा' म्हणाला की माणसाला काय टाकायचं ते तरी माहीत असेल.

आपला एक रोजचा वाचक,
खामला, नागपूर