स्वच्छतेचा आराखडा सभेपुढे ठेवण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : स्वच्छता आराखडा मंजूर करण्यापूर्वी सभासद आणि कामगारांशी बोलण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ‘स्वच्छता आराखड्यास मंजुरी देणे’ हा विषय आहे. लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावलेली प्रत मी शांतपणे वाचली. हाउसकीपिंगचं नवं कंत्राट, कचऱ्याच्या जागेवर कॅमेरा, ओला-सुका एकत्र टाकणाऱ्याला ५०० रुपये दंड, जिन्यांच्या भिंतींना टाइल्स. आपण आणि सचिवांनी यासाठी वेळ घातलाय हे दिसतं. पण ही इमारत जे रोज झाडतात, जे इथलं पाणी सोडतात, ज्या बायका घराघरांत भांडी घासतात, त्यांच्यापैकी एकाशीही कुणी बोललेलं नाही. सभासदांनाही थेट सभेत हात वर करायचाच काय तो अधिकार. म्हणून विनंती, की मंजुरी एक महिना पुढे ढकलावी आणि तेवढ्यात आराखडा सगळ्यांबरोबर बसून पुन्हा करावा.

ए विंगमागच्या सांडपाण्याच्या चेंबरचं उदाहरण घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर ते तुंबलं तेव्हा कंत्राटदाराने आणलेला पोरगा कमरेपर्यंत आत उतरला होता. ना मास्क, ना दोर. खालून जाणाऱ्या एका काकूंनी आरडाओरडा केला म्हणून त्याला वर घेतलं. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने असं सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, आणि तो थेट कामावर ठेवला की कुणामार्फत, हा भेद कायदा करत नाही. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. नव्या कंत्राटात याबद्दल एक ओळ नाही. टाइल्सचा रंग मात्र ठरलाय!

ते चेंबर का तुंबतं, हे आपल्या झाडूवाल्या मामांना विचारलंत तर ते दोन मिनिटांत सांगतील. मला सांगितलं. पेव्हर ब्लॉक बसवताना त्या लाइनचा उतार बिघडला, त्यामुळे पाणी तिथे थांबतं. सणावारानंतर वरच्या मजल्यांवरून तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलं जातं, ते थंड होऊन कडेला बसतं, आणि त्यात कमोडमध्ये टाकलेले वेट वाइप्स आणि पॅड अडकतात. म्हणजे दुखणं एका लाइनच्या उताराचं आणि काही घरांच्या सवयीचं आहे. कंत्राटदार मात्र सगळ्या लाइन्सचं दरमहा जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याने सफाई, सुचवतो. त्याचा तो धंदा आहे, त्याला दोष देत नाही. पण मामांना आधी विचारलं असतं तर बराच पैसा वाचला असता.

आता जरा अवघड विषय. आपल्याकडे सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत कामाला येणाऱ्या बायकांना स्वच्छतागृह नाही. जिन्याखाली एक आहे, ते वॉचमनचं. त्याची कडी मोडलेली आहे, दिवा नाही, आणि आत झाडू, फिनेलचे कॅन आणि दिवाळीच्या माळांची खोकी ठेवलेली आहेत. पाच-सहा घरं करणारी बाई प्रत्येक घरात मोरी आणि संडास घासते. त्यातल्या बहुतेक घरांत तो वापरायची मुभा तिला नसते. मग त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात याचा परिणाम काय होतो हे मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात नोकरी केलेली असल्याने जाणते: लघवीची जळजळ, ताप, आणि औषधापायी बुडालेली मजुरी.

मागच्या महिन्यात मी यांतल्या काही जणींशी बोलले. समितीतल्या एका सदस्यांचं मत पार्किंगच्या कोपऱ्यात नवीन स्वच्छतागृह बांधावं असं होतं. बायकांनी ते एका वाक्यात निकालात काढलं. तिथे ड्रायव्हर बसलेले असतात, त्यांच्यासमोरून कोण आत जाईल? त्यांना दार मागच्या भिंतीकडे उघडणारं हवं. नळ आत हवा, बाहेर नको. झाकणाची बादली हवी. आणि एक खुंटी, कारण पिशवी ओल्या जमिनीवर ठेवावी लागते. खुंटीचा खर्च तो काय! पण ती कुठल्याही नकाशात आपणहून आली नसती.

पुण्याला हे नवीन नाही. १९९९ नंतर तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात वस्त्यांमध्ये सामुदायिक शौचालयं बांधली गेली, तेव्हा महिला मिलन ही बायकांच्या बचत गटांची संघटना आणि स्पार्क ही स्वयंसेवी संस्था यांच्या कामात वस्तीतल्या बायकाच नियोजनात होत्या. रांगेत मोठी माणसं पोरांना मागे ढकलतात, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मुलांसाठी वेगळी लहान शौचालयं झाली. बायका आणि पुरुषांची दारं वेगळी झाली, देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबाला राहायला खोली झाली. झोपडपट्टीत जे सुचलं ते आपल्या गेटेड सोसायटीत सुचू नये?

पाण्याबाबत थोडक्यात लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा आपण सगळ्यांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केली, आणि उन्हाळ्यात विसरलो. टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडतं. टाकी धुतल्याची तारीख तिच्यावर रंगवलेली असते, पण क्लोरीन कुणी बघत नाही. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. गावोगावचे जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची साधी चाचणी, करून त्याची वहीत नोंद ठेवतात. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. आपला पंप चालवणारा वॉचमन हे सहज शिकेल. त्याबद्दल त्याला महिन्याला चार पैसे जास्त द्यावेत, फुकटात जबाबदारी टाकू नये.

दंडाबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. कचरा वेचणाऱ्या ताईंना विचारलं तर त्यांची तक्रार वेगळीच निघाली. ओला-सुका बऱ्यापैकी वेगळा येतो, पण वापरलेले पॅड आणि डायपर सुक्यात मोकळे येतात आणि त्यांना ते हाताने निवडावे लागतात. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनीच मांडली. प्रत्येक मजल्यावर एक लाल मार्कर ठेवा, कॅमेऱ्यापेक्षा तो स्वस्त पडेल. डासांचंही तसंच आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, डक्टमध्ये ठिबकणारा एसीचा पाइप या जागा फवारणीवाल्याला दिसत नाहीत, घरातल्यांना दिसतात. आठवड्यातला एक वार ठरवून मुलांकडे ही फेरी द्यावी, त्यांना ती आवडेल.

आता हे सगळं करायचं कसं. २००० साली बांगलादेशात कमल कार यांनी संपूर्ण स्वच्छतेची एक पद्धत सुरू केली, त्यात गावकरी जमिनीवर गावाचा नकाशा काढतात आणि मग एकत्र गावफेरी करतात. त्यातला लोकांना लाज वाटायला लावण्याचा भाग मला कधीच पटला नाही, तो सोडून द्यावा. नकाशा आणि फेरी मात्र घ्यावी. पार्किंगच्या फरशीवर खडूने तीन विंग, टाक्या, चेंबर, डक्ट, कचऱ्याची जागा काढायची आणि ज्याला जिथे त्रास होतो तिथे त्याने फुली मारायची. लिहिता येत नसलं तरी फुली मारता येते.

वेळेचं भान ठेवावं लागेल. रात्री नऊला सभा ठेवली तर सभासद येतील, पण कामवाल्या तेव्हा आपल्या घरी स्वयंपाक करत असतात. त्यांच्यासाठी दुपारी दोनची वेळ आणि तेवढ्या तासाची मजुरी धरावी. त्यांच्यासमोर मालकीणबाई बसलेल्या नसाव्यात, नाहीतर सगळ्या ‘आमचं काय, सगळं बरंय’ म्हणून उठतील. कोण काय बोललं त्याची नावं इतिवृत्तात येऊ नयेत.

हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ मध्ये घेऊ नये, ही खास विनंती. त्या वेळेपर्यंत निम्मी मंडळी चहासाठी उठलेली असतात. येत्या शनिवारी दुपारी दोन ते चार सी विंगखालचं पार्किंग मोकळं करून मिळेल का, तेवढं गुरुवारपर्यंत कळवावं, म्हणजे गाडीवाल्यांना आधी सांगता येईल. तोवर वॉचमनच्या स्वच्छतागृहाची कडी आणि दिवा, एवढं तरी सभेची वाट न पाहता किरकोळ दुरुस्तीतून करून घ्यावं.

कळावे,
आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद