गवत कापायचं मशीन भंगारात द्यायच्या आधी

मा. संपादक,

पाऊस पडला की आमच्या जळगावात कॉलन्यांच्या ओपन स्पेसमधे गुडघाभर गवत वाढतं, मग दिवाळीपासून कोपऱ्यात पडलेलं ते ढकलत चालवायचं पेट्रोल मशीन बाहेर निघतं, दोरी ओढून ओढून खांदा दुखतो पण चालू होत नाही, आणि कोणीतरी म्हणतंच की इंजिन गेलं, द्या भंगारात. अहो बऱ्याचदा इंजिनला काही झालेलंच नसतं! टाकीत महिनोन्महिने पेट्रोल तसंच, त्यात आता २० टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं, पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जेटमधे, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, चिकटा धरतो. कार्बोरेटरखालची वाटी (बाउल) उघडून जेट साफ करा, ताजं पेट्रोल टाका. सीझन संपला की टाकी रिकामी ठेवायची, बास.

पार्ट आणायला जाताना "लाल रंगाचं मशीन" सांगून काय उपयोग, इंजिनवर ठोकलेल्या मॉडेल नंबरचा फोटो न्या. आपल्याकडे धूळ किती ते सांगायला नको, फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुवून वाळवून थोडं ऑइल लावून बसवा, कागदाचा मात्र धुवायचा नाही, बदलायचा. पातं दगडावर आपटून बंद पडलं असेल तर फ्लायव्हीलची (इंजिनच्या जड चाकाची) चावी बघा, म्हणजे ते चाक शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी पट्टी, ती जराशी जरी कापली गेली तरी ठिणगी पडायचं टायमिंग बिघडतं. पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची टोपी काढाच, आणि मशीन आडवं करताना कार्बोरेटरची बाजू वर.

आयटीआयवाल्यांनी जूनआधी एखाद्या रविवारी माळीकाकांना हे दाखवलं तर बरं होईल.

– एक वाचक, जळगाव