गालावरचा डाग

शहापूर, बेळगाव

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पीलचं, म्हणजे चेहऱ्याला ॲसिड लावून वरची कातडी सोलवून घ्यायचं, काढलंस आणि मी "बघू गे" म्हणून विषय बदलला, कारण बाबा शेजारीच पेपर वाचत होते. माझ्या डाव्या गालावरचा डाग रुखवताच्या करंज्या तळताना तेल उडून पडला, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे.

तू दुसरीत होतीस. धाकट्या मावशीच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये मी गुपचूप पील करून घेतलं. काय लावलं, किती टक्क्यांचं, हे त्या बाईलाही ठाऊक नसावं. चुरचुरायला लागलं तशी म्हणाली, "वैनी, जरा सोसा, उजाळा येतोय." तिसऱ्या दिवशी गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली, ती मी नखानं ओढली. वर चैत्राच्या उन्हात मामाच्या स्कूटरवर बसून येळ्ळूर, धामणे, मच्छे असं करत पत्रिका वाटल्या. लग्नाचा अल्बम काढून बघ, प्रत्येक फोटोत माझा उजवा गाल पुढे आहे.

नंतर कातडीच्या डॉक्टरांनी समजावलं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला भाजलं, जळजळलं की ती तिथं रंग जास्त धरते. डाग घालवायला जावं आणि नवा घेऊन यावं, तो असा.

करू नकोस असं नाही म्हणत मी. कारखान्याच्या ट्रॅक्टरमधून तू ऊस ओढायचीस ना, पीलला वापरतात ते ग्लायकोलिक ॲसिड त्या उसातही असतं. दह्यातलं लॅक्टिक त्याचंच भावंड. पण आज्जीचं दही-बेसन वेगळं आणि ३० नाहीतर ७० टक्क्यांची बाटली वेगळी. ती घड्याळ लावून लावायची आणि वेळ झाली की सोड्याच्या पाण्यानं तिचा जोर मोडायचा, हे डॉक्टरचं काम. मागवून घरी लावायच्या भानगडीत पडू नकोस.

मुरमांच्या तेलकट चेहऱ्याला सॅलिसिलिक ॲसिड बरं म्हणतात, ते तेलात विरघळून छिद्रात उतरतं. पण बारावीत डोकेदुखीच्या गोळीनं तुझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ती ॲस्पिरिन होती. सॅलिसिलिक त्याच कुळातलं. हे डॉक्टरांना आधी सांग, विसरशील म्हणून हातावर लिहून ने. मुरमांच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखव.

आणि साखरपुड्याला राहिलेत वीस दिवस. आधी दोन-चार आठवडे सनस्क्रीन आणि ते देतील ती क्रीम लावून कातडी तयार करावी लागते. मग एका बैठकीत भागत नाही, दोन बैठकांमध्ये पुन्हा दोन ते चार आठवडे. म्हणजे साखरपुडा आहे त्याच चेहऱ्यानं कर. जावयांनी तो बघूनच होकार दिलाय की.

तुझी,
आई

ता. क. बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्या लग्नापासून दर दिवाळीला ते मला कढईजवळ येऊ देत नाहीत, करंज्या स्वतः तळतात.