काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला ज्येष्ठांच्या सांधेदुखीवरचा लेख चांगला होता, पण सोबतच्या चित्राने त्यावर पाणी फिरवलं. आजींच्या उजव्या खुब्याभोवती लाल वर्तुळ आणि काठीही उजव्याच हातात! काठी डाव्या हातात हवी.

मी निवृत्त फिजिओथेरपिस्ट आहे. रस्त्यात मला आधी माणसाची चाल दिसते, मग चेहरा. चुकीच्या हातातली काठी रोज दिसते आणि जीव कळवळतो, कारण त्या माणसाला मिळू शकणारा आराम फुकट जात असतो.

चालताना दर पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. तेव्हा कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला कलू पाहते. तिला सावरून धरतो खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, ग्लुटियस मिडियस. ढोबळ हिशेब असा: शरीराचं वजन खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोळ्यापासून साधारण 10 सेंमी आतल्या बाजूला पडतं आणि स्नायूची ओढ बाहेरच्या बाजूला जेमतेम 5 सेंमीवर. म्हणून स्नायूला वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो, आणि वजन व तो जोर दोन्ही त्या एका गोळ्यावर येतात. बर्लिनमध्ये संशोधकांनी कृत्रिम खुब्यातच मापक बसवून पाहिलं, तर साध्या चालीतही वजनाच्या सुमारे अडीच पट भार निघाला. 60 किलोच्या बाईंच्या खुब्यावर 150 किलो!

आता डाव्या हातातली काठी पाहा. ती उजव्या खुब्यापासून 45 सेंमीच्या आसपास टेकते, म्हणजे स्नायूच्या 5 सेंमीच्या नऊपट दूर. तिच्यावर 5 किलो दाब दिला, तरी कागदावरच्या गणिताने स्नायूची ओढ 45 किलोने उतरते. प्रत्यक्षात आराम त्याहून कमी मिळतो, पण दर पावलाला मिळतो. उजव्या हातातली काठी कंबर कलते त्या बाजूला टेकू देतच नाही. उलट माणूस दुखऱ्या बाजूला अंग टाकून चालायला लागतो आणि पुढे पाठही धरते.

हे तोंडी सांगून पटत नाही. ‘‘बाई, दुखतंय उजवीकडे, मग डावा हात काय करणार?’’ असं पेशंट विचारायचे. मी वाद न घालता काठी दुसऱ्या हातात द्यायचे आणि व्हरांड्यात चालायला लावायचे. व्हरांडा संपेपर्यंत खांद्यांचा झोका कमी झालेला असायचा, मग प्रश्न उरत नसे.

घोट्यालाही हाच नियम. टाच उचलताना पोटरी इतक्या जोराने ओढते, की घोट्यावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तरीही नुसत्या वयाने घोटा सहसा झिजत नाही. बहुधा मागे कधीतरी मोडलेला किंवा वारंवार मुरगळलेला असतो.

काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे टाकावा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. दुकानदार बहुधा लांब काठी देतात, ती कापून घ्यावी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदलावं. ओल्या फरशीवर तेच घात करतं.

आपली पुरवणी घरोघरी जपून ठेवली जाते. पुढच्या रविवारी हेच चित्र, काठी डाव्या हातात दाखवून, पुन्हा छापावं ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सातारा